मानाचा हंडा

"न्हाई," सुभद्राबाई म्हणाली. राखेनं काळवंडलेला हात तिनं चौकटीला टेकवला होता. "दुसरं काय बी ने. हंडा न्हाई द्यायचा."

मंजुळाबाई थोरल्या जावेच्या दारात उभी होती. गेला महिनाभर सुभद्राबाईनं घर रिकामं करायचा सपाटाच लावला होता. जादाची बाज सुताराकडे गेली, गोधड्यांचा ढीग देवळात उतरणाऱ्या वाटसरूंसाठी गेला, पितळी डबे भाचीला गेले. अख्ख्या कुरुळीला कोडं पडलं होतं. कुणी म्हणे बाईला वैराग्य आलंय, कुणी म्हणे आतून काहीतरी दुखणं असणार. विचारलं की ती एवढंच म्हणायची, "घर अंगावर येतंय."

पण माळ्यावरचा तांब्याचा मोठा हंडा, त्याच्या जोडीची पातेली, पराती आणि कढया मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. मंजुळाबाईची नजर नेमकी त्यांच्यावर होती.

गावात कुणाचंही लग्न असो, बारसं असो, जेवणावळीची भांडी जायची ती याच घरातून. कार्याचा यजमान खण-नारळ घेऊन यायचा, त्याची बायको भांड्यांच्या मालकिणीची ओटी भरायची, मग भांडी हलायची. भांड्यांबरोबर मालकीणही जायची. चुलाणापाशी तिच्या शब्दाबाहेर मीठसुद्धा पडत नसे. दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा शेत निम्मं निम्मं झालं, बैल वाटले गेले, पण ही भांडी थोरल्याकडे राहिली आणि मान त्यांच्यामागे गेला. मंजुळाबाईच्या वाट्याला पंगतीतलं पान आलं. ती जेवायची, हात धुवायची आणि जळफळत घरी यायची.

थोरलीला मानाचा केवढा सोस, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. थोरलीची लेक इंद्रायणी पिंपरीला राहायची. जावई नव्या औषधाच्या कारखान्यात, दोन खोल्यांचा क्वार्टर मिळालेला. तो बघायलाही सुभद्राबाई दोन वर्षांत गेली नव्हती. पिशवी भरून दारात ठेवायची, तेवढ्यात कुणीतरी नारळ घेऊन यायचं आणि पिशवी पुन्हा खुंटीला जायची. लेकीपेक्षा हंडा प्यारा, असं मंजुळाबाई पाणवठ्यावर बोलूनही दाखवायची.

नकार ऐकून ती इरेला पेटली. दुसऱ्या खेपेला तिनं नवऱ्याला धाडलं. सयाजी वहिनीपुढं कधी मान वर न करणारा. तो चाचरत बोलला, सुभद्राबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊजी, त्यात मान हाय. त्यो कोण सोडतं व्हय?" सयाजीनं हे बोलणं जसंच्या तसं घरी आणून सांगितलं. मंजुळाबाईला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या खेपेला ती भिमाजीबाबांनाच घेऊन आली. गावात त्यांचा शब्द कुणी मोडत नसे.

"बाकीचं समदं लोकांना वाटलं," ती त्यांच्यादेखत म्हणाली, "आन् घरच्या जावेलाच न्हाई. धाकटीनं जल्मभर पंगतीतच बसायचं का?"

बाबांना ते पटलं. सुभद्राबाईनं याही वेळी नाहीच म्हटलं, पण आता आवाज पडला होता. तिनं पदर डोळ्यांना लावला.

"न्यायचं तर समदं न्या. आन् मान बी मारुतीपुढं, गावादेखत न्या. मागनं कुणी माझ्या दारात यायला नगं."

शनिवारी पारावर मंजुळाबाईची ओटी भरली. हंडा वाजतगाजत धाकट्या दारात आला. इतकी वर्षं गिळलेले कढ तिच्या डोळ्यांतून वाहिले आणि तिनं ते पुसलेही नाहीत. त्या दिवशी कुरुळीत तिच्याएवढं सुखी कुणी नव्हतं.

वैशाखात पहिलं लग्न आलं. यजमान खण-नारळ घेऊन तिच्याच दारात उभा राहिला. ती पहाटेपासून शेवटची पंगत उठेपर्यंत चुलाणापाशी होती. हुकूम सोडून सोडून घसा बसला, तरी चेहऱ्यावरचं हसू मावळलं नाही. भांडी काळीकुट्ट होऊन परत आली. मानाची भांडी परक्या हातानं घासायची नसतात, हा रिवाज तिला तेव्हा कळला. ती चिंच आणि राख घेऊन बसली. कढई निम्मी उजळते न उजळते तोच दुसरा यजमान दारात आला. त्याच्या कार्याच्या दिवशीच ताथवड्याला, तिच्या माहेरी, भाच्याचं लग्न होतं. मला यायला जमणार नाही, असा निरोप तिनं धाडला. धाडतानाही मान ताठ होती.

राखेच्या हातानंच तिनं कपाळावरचे केस मागं सारले, तर समोरून थोरली आणि थोरले दीर लक्ष्मणराव चाललेले. दाराला कुलूप, दोघांत मिळून एकच गाठोडं. वाटेत त्यांना कुणी थांबवलं नाही, कुणी काही मागितलं नाही.

मंजुळाबाईला खरोखरच कीव आली. बिचारी, आता गावात हिला कोण विचारतं. तिनं नवी चिंच घेतली आणि पुन्हा जोर लावला.

नाशिक रस्त्यावर दोघांना एसटी मिळाली. मोशी गेली, भोसरी मागं पडली. शेवटी लक्ष्मणरावांना राहवलं नाही.

"तीनदा न्हाई म्हणालीस तू," ते म्हणाले. "त्या हंड्यात जीव अडकलाय तुजा, हे मला कळायला पायजे व्हतं. मीच आडवं पडायचं व्हतं."

सुभद्राबाईनं खिडकीतला वारा तोंडावर घेतला. लेकीसाठी केलेल्या करंज्यांचं गाठोडं मांडीवर नीट धरलं.

"पयल्यांदाच घे म्हणलं असतं," ती म्हणाली, "तर तिनं हात तरी लावला असता व्हय?"