चौथा बाण

"या, गवाणकरबाई! फळ्यावर स्वतःलाच काढा आणि स्वतःवरची बलं दाखवा. एक बाण चुकला, की उद्यापासून 'ब' तुकडीत." छडीचं टोक त्या विद्यार्थिनीच्या दंडात रुतवत सर म्हणाले. वर्ग हसला.

तिने ठोकळा काढला.

"ठोकळाच आहेस!"

↓ "वजन."

↑ "जमीन मला वर ढकलते ते."

→ "तुमची छडी, सर."

हसू थांबलं. सरांनी छडी आणखी दाबली. "मी एवढं ढकलतोय, मग हलत का नाहीस?"

तिने ठोकळ्याच्या तळाशी चौथा बाण काढला, छडीच्या उलट.

← "घर्षण. जमिनीने माझे पाय धरलेत."

एकही बाण चुकला नव्हता. सरांनी छडी खाली घेतली.

तिने डस्टरने छडीचा बाण पुसला, मग चौथाही. "छडी गेली, सर. आता हा लागत नाही."