लाल रिबीन

आभाळातून पडलेला तीन डोळ्यांचा इवलासा जीव ज्योत्स्नानं केळीच्या घडावर चढवलेल्या निळ्या पिशवीत लपवला आणि ओळखू यावी म्हणून पिशवीला वेणीतली लाल रिबीन बांधली. सकाळी घड कापणारी टोळी बागेत शिरली. “लाल रिबीनना बठ्ठा घड कापा,” मुकादमानं हाळी दिली. सगळ्या तयार घडांची खूणही लालच होती. ज्योत्स्ना धावत जाऊन त्या घडाखालच्या पाचोळ्यात लपून पालथी पडली. तिथून माणसांचे नुसते पाय दिसत होते. कोयत्यांचा आवाज जवळ येत गेला. त्या पिशवीखाली बाबांची तारेनं शिवलेली चप्पल थांबली. वर पिशवी सळसळली आणि तिच्यातून हिरवा उजेड पायांवर सांडला. कोयत्याची सावली उंचावली. तिनं डोळे मिटले. सपकन आवाज झाला आणि गालावर तिची रिबीन पडली. “मुकादमभाऊ, हाऊ घड कच्चा शे,” बाबा म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. चप्पल मात्र त्या घडाखालून हलली नाही.