हाताचा गुण

थोरल्या जावेने वर्षानुवर्षं खपून दुरंगी फुलांची जास्वंद तयार केली आणि तिची फांदी फक्त धाकटीला दिली. महिन्याभरात धाकटी रडत आली. "ताई, जळाली हो ती. माझ्या हाताला गुणच नाही." थोरलीनेच तिला चहा करून पाजला होता.

बागप्रेमी मंडळाच्या सहलीत धाकटीची घाई चालली होती. "नर्सरीत काय बघायचंय? सरळ फुलपाखरांच्या बागेकडे जाऊ या." थोरली तरीही आत शिरली. समोर दुरंगी जास्वंदीच्या कुंड्यांची रांग होती, आणि पाटीवर 'निर्मिती' म्हणून धाकटीचं नाव.

"घ्या ना काकू," नर्सरीवाला म्हणाला. "फक्त फांदी कुणाला देऊ नका. लोक घेऊन जातात आणि जळाली म्हणून सांगतात. मॅडमनीच बजावलंय."