नव्या दाताची जखम

मुलगा टोरँटोहून येईपर्यंत नानांना तीन दिवस फ्रीझरच्या पेटीत ठेवलं होतं. आज पेटी उघडली आणि भटजींनी नानांच्या मुलीला, सुमेधाला, तोंडात तुळशीपत्र ठेवायला सांगितलं. तिने ओठ जरासा वर केला आणि तिचा हात तिथेच थबकला.

गेल्याच आठवड्यात नानांनी जबड्यात स्क्रू रोवून नवा दात बसवून घेतला होता. ते गेले त्या सकाळीही हिरडीची जखम ओली होती, टाके दिसत होते. आता जखम पार भरून आली होती. हिरडी गुलाबी दिसत होती, आणि बोटाला कोमट लागत होती.

दात बसवणारे डॉक्टर प्रभुदेसाई अंत्यदर्शनाला आले होते. सुमेधाने त्यांना वाकून बघायला लावलं. त्यांचा चेहरा उतरला.

"या नव्या स्क्रूवर अगदी बारीक खाचा असतात, ताई," ते हळू आवाजात म्हणाले. "वाढा, असं त्या खाचाच रक्तवाहिन्यांच्या पेशींना सांगतात. म्हणून जखम लवकर भरते."

"आणि थांबा असं कोण सांगतं?"

"ते सांगतं जिवंत शरीर."

बाहेर भावाने अग्नीचं मडकं उचललं. "उरका गं, लोक खोळंबलेत," मामा दारातून म्हणाले.

सुमेधाने नानांच्या गालावर तळवा ठेवला. मघाशी फक्त हिरडी कोमट होती. आता गालही कोमट होता.

"मामा, दादाला म्हणावं, मडकं खाली ठेव."