थंड नळ्या

शिकाऊ विमानाचं इंजिन आचके देत होतं. ते बंद करून मेकॅनिक वाघुलेकाका वाकले. त्यांची रीत जुनी होती: सिलिंडरच्या धुराच्या नळ्यांना ओझरतं बोट लावायचं, थंड लागेल तिथे बिघाड.

पहिली नळी थंड लागली. दुसरीही. तिसरीवर त्यांनी पंजाच टेकवला. आत्तापर्यंत चालत असलेलं इंजिन इतकं गार कसं, त्यांना उमगेना.

"काका, हात काढा," म्हणत वैमानिक मुलीने त्यांचं मनगट ओढलं. नळीला कातडी चिकटून राहिली, करपल्याचा वास सुटला. काकांना काहीच दुखलं नाही.

शुगरने बोटं बधिर होतायत, हे डॉक्टरांचं बोलणं त्यांनी हसण्यावारी नेलं होतं.

डोक्यावरून दुसरं विमान टेकडीकडे निघालं होतं. सकाळी त्याच्या पेट्रोलच्या नळीला गळती नाही ना, हे त्यांनी याच बोटांनी चाचपलं होतं. कोरडं लागलं होतं.