माझी आई म्हणायची

"तू पुन्हा अंदाजाने बटण दाबतेयस," लेक म्हणाली आणि तिने यंत्र थांबवलं.

आईने यंत्राच्या खाचेतून हनुवटी उचलली. डाव्या डोळ्यावर पट्टी, उजव्या हातात बटण. पांढऱ्या घुमटात बारीक ठिपके उजळतात. दिसला की दाबायचं, नाही दिसला की गप्प बसायचं. इतकंच काम. पण यंत्र मधूनमधून नुसताच टक्क आवाज करतं, ठिपका दाखवतच नाही. आई त्यालाही दाबत होती. आठवड्यातली ही तिसरी तपासणी, आणि तिन्ही अहवालांवर यंत्राने एकच शेरा मारला होता: विश्वास ठेवण्याजोगा नाही.

"एकही सोडला नाही मी," आई म्हणाली. पैकीच्या पैकी गुण मिळाल्यासारखा चेहरा.

लेक या दवाखान्यात चौदा वर्षं हीच तपासणी करत होती. दिवसाला वीस माणसांना न चिडता समजावणारी ती, या एका माणसापुढे हात टेकत होती. आईला काचबिंदू होता. औषधाच्या थेंबांनी डोळ्यातला दाब उतरत नव्हता. समोरचं तिला स्वच्छ दिसायचं, सुईत दोरा ती एका फटक्यात ओवायची. कडेचं दिसणं मात्र झपाट्याने कमी होत चाललं होतं. या महिन्यात दोनदा तिचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला होता आणि दोन्ही वेळा तिने दोष चौकटीला दिला होता. शस्त्रक्रियेने गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली वाचणार होती. डॉक्टरांनी गुरुवारची जागा दुपारी एकपर्यंत धरून ठेवली होती. पुढची थेट दोन महिन्यांनी. संमतीचा कागद टेबलावर पडला होता. साडेबारा वाजले होते.

लेकीने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. डोळ्यामागच्या नसेचा फोटो दाखवला, आकडे दाखवले. आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझी आई म्हणायची..." पुढे एक म्हण. धीर धरण्यावरची. मग नशिबावरची. मग देवाने दिलेल्या शरीराला लोखंड लावू नये अशा अर्थाची एक, जी लेकीने आजवर कधी ऐकलीही नव्हती.

लेकीच्या डोक्यात तिडीक गेली. ती या म्हणींच्या पहाऱ्यात वाढली होती. ताटात काही टाकायचं नाही, कारण म्हण. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, कारण म्हण. विज्ञान शिकायचं ठरवलं तेव्हा मुलींच्या उंबऱ्यावरची एक आडवी आली होती. बाबांनी मध्ये पडून ती बाजूला सारली. लग्न मोडून ती परत आली त्या दिवशी मात्र आईने दार उघडता उघडता घरट्यावरची एक म्हटली आणि पुढे एका शब्दाने काही विचारलं नाही. देवापुढे हात जोडतानाही आई आजीचंच काहीतरी पुटपुटायची. आजी लेकीच्या जन्माआधीच गेली होती. पुस्तकातल्या विधानाला पुरावा मागता येतो. मेलेल्या बाईशी वाद घालणार कसा?

बाहेरच्या टेबलावरची बाई, जिला सगळे गजर म्हणत, दारातून डोकं आत घालून गेली. डॉक्टर विचारत होते, दुसऱ्या पेशंटला ती जागा देऊन टाकू का.

लेकीने पाच मिनिटं मागून घेतली. आयुष्यात तिने एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. ती आईसमोर स्टुलावर बसली.

"तुझी आई आणखीही एक म्हणायची. मोठ्या मावशीने सांगितलंय मला."

मावशी गेल्या वर्षीच वारली होती. खरंखोटं करायला कुणी उरलं नव्हतं. लेकीने तिथल्या तिथे एक म्हण रचली. दिव्याची, तेलाची, अंधार पडायच्या आत वात पुढे सारण्याची. दोन तुकडे आणि शेवटी यमक.

आईने डोळ्यावरची पट्टी काढली. पुन्हा म्हणायला लावलं. लेकीने एकही शब्द इकडचा तिकडे होऊ न देता पुन्हा म्हटलं. तिचे कान तापले होते. आईने ती म्हण ओठांतल्या ओठांत दोनदा घोळवली, कागद पुढे ओढला आणि सही केली.

लेकीला हायसं वाटायला हवं होतं. उलट ती जास्तच चिडली. चौदा वर्षांचा अनुभव, नसेचा फोटो, सगळं पाण्यात; आणि सही झाली ती दोन ओळींच्या थापेवर.

"माझं एक ऐकलं नाहीस," ती म्हणाली. "तुझ्या आईच्या शंभर म्हणी ऐकून मी मोठी झाले. तिची एकशेएकावी आली की लगेच पटलं तुला."

"त्या शंभर तिच्या कुठल्या?" आई म्हणाली. "कुठली शेजारणीची, कुठली काकूची, कुठली शाळेतल्या बाईंची. ती गेली तेव्हा मी दीड वर्षाची होते. ताईला, तुझ्या मावशीला, काही विचारलं की ती रडायलाच लागायची, मग मी विचारणं सोडलं. वर्गात ज्या त्या मुलीची आई काही ना काही म्हणायची. मग माझीही म्हणायला लागली."

तिने कागद लेकीच्या हातात दिला, पण आपलं टोक सोडलं नाही.

"तिचं खरंखुरं असं हे पहिलंच मिळालं मला. ताईने अजून काय काय सांगितलंय? आठवेल तसं सांग. घाई नाही."