रविवारचं पातेलं

अंजलीचे बाबा कोरोनाने गेले, त्याला महिना झाला होता. नुकतेच शाकाहारी झालेले मामा मोबाईल पुढे करत आईला म्हणाले, “ताई, हे संशोधन वाच. शाकाहाऱ्यांना हा आजार सौम्य होतो. दाजींना किती सांगितलं, मटण सोडा!” आईने हातातला घास ताटात ठेवला. दर रविवारी मटण शिजायचं ते पातेलं काढून तिने अंजलीपुढे आदळलं. “हे मोडीत घाल. मीच वाढत होते ना त्यांना!” अंजलीने ते संशोधन शेवटपर्यंत वाचलं. “मामा, ही माहिती दिली कोणी?” “आजारी पडलेल्यांनीच. मोबाईलवर फॉर्म भरून.” “म्हणजे बरे झालेल्यांनी. गेलेल्यांचं ताट कोणी पाहिलं?” अंजलीने मोबाईल मामांना परत दिला. “आई, यात तुझ्या पातेल्याविरुद्ध काहीच शाबीत होत नाही. उद्या रविवार आहे. मसाला मी वाटते.” “तुला कुठे जमतोय!” म्हणत आईने पातेलं घासायला घेतलं.